बिनपगारी वकिलाची कैफियत

तारुण्यात पदार्पण करणाऱ्या मनुष्याला कोणाचा तरी भक्त झाल्यावाचून गत्यंतर नसते. हा निसर्गाचा कायदा असून वर्ण, प्रांत अथवा मासिक उत्पन्न यांपैकी कोणत्याही सबबीवर त्यातून सूट मिळत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने आपली भक्ती बालगंधर्वांच्या चरणी वाहिली. वडिलांच्या पिढीला सैगल आणि मेहदी हसन यांनी आपसांत वाटून घेतले. आणि १९८० नंतरच्या दशकात हैदराबादेच्या मलकपेठ मोहल्ल्यात मिसरूड फुटू लागलेल्या माझ्या कपाळी जे दैवत लिहून ठेवले होते, ते लंडनमध्ये १९७० साली स्थापन झालेला, चार इसमांचा, कानठळ्या बसवणारा आणि ‘क्वीन’ हे नाव धारण करणारा एक रॉक बँड निघाले.

ज्यांना असल्या भक्तीचा अनुभव नाही त्यांची अशी समजूत असते, की चाहत्याचे आयुष्य गाणी ऐकण्यात जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. गाणी ऐकण्यात त्याचा जेवढा वेळ खर्च होतो त्याच्या कितीतरी पट वेळ ती गाणी ऐकण्याच्या योग्यतेची आहेत, हे आईबाप, आत्या, शेजारी आणि वर्गमित्र यांच्या गळी उतरवण्यात खर्च होतो. चाहता हा मूलतः श्रोता नव्हेच, तो वकील होय. आणि वकीलही असा, की ज्याला अशिलाने वकीलपत्र दिलेले नसते, फीची एक कवडी दिलेली नसते, आणि ज्याच्या अस्तित्वाची वार्ता अशिलाच्या कानी मरेपर्यंत जात नाही. अशी वकिली मी अनेक वर्षे केली आणि तिची साद्यंत कैफियत येथे सादर करीत आहे.

प्रथम न्यायालयाचे स्थळ सांगणे अवश्य आहे. मुसी नदीच्या दक्षिणेस वसलेले मलकपेठ बाहेरच्या जगाला मुख्यत्वे घोड्यांमुळे ठाऊक आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या अमदानीत १८८६ च्या सुमारास मौलाअलीच्या शर्यती येथे आल्या, आणि तेव्हापासून शर्यतीच्या दिवशी या मोहल्ल्यात जेवढे लोक भविष्यकथन करताना आढळतात तेवढे काशीच्या घाटावरही आढळू नयेत. शर्यतीचे मैदान, गंजातला मिरचीचा खकाणा, आणि काचिगुड्याहून निघून दबीरपुऱ्याकडे जाणाऱ्या आगगाडीची शिट्टी, या तिन्हींच्या टापूत आमचे भाड्याचे घर होते. वडील, म्हणजे नाना, मूळचे नांदेडकडचे. उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून शिकलेले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हा नोकरीपायी हैदराबादेतच राहिलेले, आणि महसूल खात्यातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. एका सामाईक भिंतीपलीकडे त्यांच्याच खात्यातून निवृत्त झालेले पेशकारसाहेब राहत. दोघांचीही नोकरी संपली होती. परंतु दफ्तर संपले नव्हते. समोर कोणताही विषय आला, मग तो दुधाच्या दराचा असो वा मुलाच्या मार्कांचा, की त्याची मिसल तयार होऊन तीवर शेरे पडू लागत. अशा न्यायासनापुढे मला एका परदेशी बँडची बाजू मांडावयाची होती.

गंमत अशी, की या अनर्थाचे साधन पेशकारसाहेबांनीच पुरवले होते. त्या काळी मलकपेठेच्या गल्लीगल्लीतून कोणी ना कोणी जेद्दा, रियाध किंवा दुबईस नोकरीला गेलेला असे, आणि सुट्टीवर परतताना तो खजूर, अत्तर व नॅशनल पॅनासॉनिकचा टू-इन-वन घेऊन येई. पेशकारसाहेबांच्या चिरंजीवांनी एकाऐवजी दोन यंत्रे आणली, तेव्हा दुसरे त्यांनी शेजारधर्मास जागून नानांना खरेदीच्या भावात दिले. नानांनी ते आकाशवाणीच्या बातम्यांसाठी घेतले होते. त्यात कॅसेटसाठी एक खण आहे ही गोष्ट त्यांनी फारशी मनावर घेतली नाही, आणि इतिहासातील बहुतेक साम्राज्ये अशाच दुर्लक्षित दरवाजातून शिरलेल्या शत्रूने घेतलेली आहेत.

कोठीवरच्या एका दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची फेरिस्त नेऊन दिली असता आठवड्याभराने ती भरून मिळत असे. दुकानाचे मालक गझलेचे दर्दी असून रॉक संगीताकडे ते केवळ उदरनिर्वाहाचे साधन म्हणून, काहीशा करुणेने पाहत. फेरिस्तीतील गाणी संपून फितीचा काही भाग कोरा राहिला तर तो वाया जाऊ देणे त्यांच्या तत्त्वात बसत नसे. त्या जागी ते स्वखुशीने आणि विनामूल्य मेहदी हसन यांची एखादी गझल भरून देत. त्यांच्या हातची पहिली कॅसेट अद्याप माझ्यापाशी आहे. साठ मिनिटांची, धुरकट तपकिरी रंगाची. डाव्या चाकाचा एक दात मोडल्यामुळे फीत सैल पडे आणि ती आवळण्यासाठी षट्कोनी पेन्सिल भोकात घालून फिरवावी लागे. पुठ्ठ्यावर मालकांच्या सुबक नस्तालीक अक्षरात वर ‘क्वीन’, मग एक आडवी रेघ, आणि रेघेखाली ‘मेहदी हसन साहब’. क्वीनला ‘साहब’ लावण्याची आवश्यकता त्यांना भासली नव्हती.

या गझलेने माझ्या खटल्यात जी कामगिरी बजावली ती कोणत्याही साक्षीदाराने बजावली नसती. नानांना ती अतिशय प्रिय झाली. परंतु फितीच्या नेमक्या कोणत्या जागी ती आहे हे कळण्याची सोय नव्हती, आणि यंत्र भरधाव पुढे पळवल्यास फीत आत गुंतते असा हुकूम मी घरात जारी करून ठेवला होता. परिणामी मेहदी हसन यांच्या दरबारात प्रवेश मिळवण्यासाठी नानांना दररोज संध्याकाळी क्वीनच्या देवडीवर ताटकळत बसावे लागे. एके दिवशी असे ताटकळत असता त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मध्यमवर्गीय मराठी गृहस्थ कोणत्याही कलावंताविषयी जो पहिला प्रश्न विचारतो, तो विचारला: “यांचं शिक्षण काय?”

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. आबिड्सच्या रस्त्यावर रविवारी जुन्या पुस्तकांचा जो बाजार पदपथावर भरतो, तेथून आणलेल्या विलायती मासिकांच्या कात्रणांवरून मी चौघांचाही तपशील तोंडपाठ केला होता. गिटारवादक ब्रायन मे हा लंडनच्या इंपीरियल कॉलेजचा पदार्थविज्ञानाचा पदवीधर असून ग्रहमालेतील धुळीवर डॉक्टरेटचा प्रबंध लिहीत होता. बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन हा चेल्सी कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स घेऊन पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला. ढोल वाजवणारा रॉजर टेलर दंतवैद्यक शिकण्यासाठी लंडनला आला आणि पुढे जीवशास्त्राकडे वळला. गायक फ्रेडी मर्क्युरी याने ईलिंगच्या कलाशाळेतून आरेखनाची पदविका मिळवलेली. नानांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. “म्हणजे एक शास्त्रज्ञ, एक इंजिनिअर, एक अर्धा दाताचा डॉक्टर आणि एक ड्रॉइंग मास्तर,” ते म्हणाले, “आणि चौघांच्याही आईबापांनी हे चालू दिलं?” त्यानंतर त्यांनी निकाल दिला, तो असा: डीकन हा मनुष्य कोणत्याही सरकारी खात्यात नोकरीस लायक आहे, टेलर व मर्क्युरी यांचे प्रकरण तहकूब, आणि मे यास समज द्यावी की त्याने आधी तो प्रबंध पुरा करावा. ही समज लंडनला पोचवण्याची जबाबदारी अर्थातच माझ्यावर टाकण्यात आली.

मे याची बाजू सावरण्याच्या भरात मी त्याच्या गिटारीचा वृत्तांत सांगितला. ती त्याने विकत घेतलेली नसून १९६३ साली, शाळकरी वयात, वडिलांच्या मदतीने घरीच बनवावयास घेतली होती. मानेसाठी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, आतल्या यंत्रणेत जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा, आणि पट्टीवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याची बटणे. वाजवताना तो नखीऐवजी सहा पेन्सचे नाणे वापरतो, हेही मी जोडले. माझी अपेक्षा अशी की काटकसर आणि पितृभक्ती या दोन गुणांनी घर भारावून जाईल. आईने स्वयंपाकघरातून एवढेच विचारले, “बटणं विचारून घेतली होती का?” आणि त्या दिवसापासून आमच्या घरातील शिवणाच्या डब्याला कुलूप लागले.

शिक्षणाचा मुद्दा असा अर्धामुर्धा निकालात निघाल्यावर वतनाचा मुद्दा उपस्थित झाला. सिकंदराबादेच्या एका पारशी वर्गमित्राकडून मला अशी पक्की बातमी लागली होती की फ्रेडी मर्क्युरी याचे मूळ नाव फर्रुख बलसारा. जन्म १९४६ साली झांझिबार बेटावर, पारशी कुटुंबात. आणि बालपणीची सात-आठ वर्षे त्याने पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत काढली. तेथेच त्याला ‘फ्रेडी’ हे नाव मिळाले, आणि तेथेच १९५८ साली वर्गमित्रांना जमवून त्याने ‘हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड उभा केला, ज्यात तो पियानो वाजवी. ज्या दिवशी ही बातमी हाती आली त्या दिवशी मी सायकलवरून चादरघाटचा पूल कसा ओलांडला हे मला आठवत नाही. सातारा जिल्हा! म्हणजे ज्याला घरचे लोक परका, विधर्मी, विलायती म्हणून हिणवत होते तो आमच्याच मुलुखाचे पाणी पिऊन वाढलेला!

हा पुरावा मी नानांपुढे ठेवला तेव्हा पेशकारसाहेब तेथेच चहा घेत बसले होते, आणि ‘मुलूख’ हा शब्द ऐकताच त्यांच्यातील निवृत्त अधिकारी खडबडून जागा झाला. निजामाच्या १९१९ च्या फर्मानाप्रमाणे बाहेरून आलेल्या मनुष्यास मुलकी ठरण्यासाठी रियासतीत किमान १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे. या नियमावरून हैदराबादेत १९५२ साली गोळीबार झाला आणि १९६९ साली सारे तेलंगण पेटले, तेव्हा असली बाब सैलपणे हाताळणे त्यांना मंजूर नव्हते. “पंध्रा साल होना मियाँ, पंध्रा साल,” त्यांनी बशीतला चहा संपवून फैसला सुनावला. “आठ साल में मुलकी नै होते. और सातारा तो अंग्रेज का इलाक़ा था.” मात्र क्षणभर थांबून, न्यायात दयेचा अंश मिसळावा तसे, ते म्हणाले, “नाम तो अपनाइच है, फर्रुख.” शिवाय पारशी असणे हा त्यांच्या दृष्टीने दोष नव्हताच; फरिदून-उल्-मुल्क यांच्यासारखे पारशी गृहस्थ याच रियासतीत केवढ्या अधिकारपदाला चढले होते, हे त्यांनी नानांना अर्धा तास सांगितले. त्या दिवसापासून पेशकारसाहेबांच्या तोंडी माझ्या दैवताचे नाव ‘गैरमुलकी फर्रुख’ असे पडले.

भिंतीचा प्रश्न यानंतर आला. १९७७ साली या मंडळींनी असे एक गाणे प्रसिद्ध केले की ज्यात बहुतांश वेळ कोणतेही वाद्य नाही. दोनदा पाय आपटावयाचे आणि एकदा टाळी वाजवावयाची, एवढाच ताल. श्रोत्यांनाही गाण्यात भाग घेता यावा, हा त्यामागचा हेतू असल्याचे मी वाचले होते, आणि एक श्रोता या नात्याने मी तो भाग घरातून, बिनचूक, सामाईक भिंतीलगत घेत असे. पलीकडच्या खोलीतील गिलाव्याचा एक पोपडा पडला. पेशकारसाहेब समक्ष येऊन तक्रार करू शकले असते. परंतु त्यांनी रीतसर उर्दूत दरखास्त लिहून नोकराहाती नानांकडे पाठवली. नानांनी तीवर समासात शेरा मारला, ‘संबंधिताकडून खुलासा मागवावा’, आणि कागद माझ्या टेबलावर ठेवला. मी खुलासा दिला: सदर ताल लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, जी इमारत पूर्वी चर्चची होती, लाकडी फळ्यांवर पाय आपटून तयार करण्यात आलेला असून त्यात शेजाऱ्यांच्या गिलाव्यास नुकसान पोचवण्याचा कर्त्यांचा काडीमात्र उद्देश नव्हता, सबब प्रकरण दाखल दफ्तर व्हावे. खुलाशाच्या भाषेवर नाना इतके खूश झाले की त्यांनी तो पेशकारसाहेबांना वाचून दाखवला, आणि दोघांचे या मुद्द्यावर एकमत झाले की मुलगा वाया गेला असला तरी मसुदा चांगला लिहितो.

याच भिंतीतून पुढे पेशकारसाहेबांच्या मनात माझ्या अशिलाविषयी आदर शिरला, तो मात्र माझ्या वकिलीमुळे नव्हे. १९७५ साली निघालेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे क्वीनचे सर्वांत विख्यात गाणे पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे आहे. प्रारंभी विलाप, मध्ये इटालियन संगीतनाटकाच्या थाटाचा कल्लोळ, शेवटी गिटारींचा धुमाकूळ. एवढे लांब गाणे रेडिओवर कोणी वाजवणार नाही असे जाणत्यांनी बजावले असता ते इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. मधल्या कल्लोळात तिघे मिळून जी आरोळी ठोकतात तीत ‘बिस्मिल्ला’ हा शब्द स्वच्छ ऐकू येतो. एके दुपारी तो भिंत ओलांडून पलीकडे गेला. थोड्याच वेळात पेशकारसाहेब दारात उभे. आता दुसरी दरखास्त येणार अशी माझी खात्री झाली. त्यांनी गाणे पुन्हा लावावयास सांगितले, डोळे मिटून ऐकले, त्या शब्दापाशी मान डोलावली आणि म्हणाले, “बिस्मिल्ला बोल दिया ना, तो बस. बजाव. मगर हल्लू बजाव.” मेहदी हसन यांची बरोबरी नाही, हे सांगावयास ते विसरले नाहीत.

घरातील तिसरे न्यायपीठ आत्याबाईंचे होते, आणि तेथे कायदा चालत नसून पंचांग चाले. क्वीनचे मानचिन्ह फ्रेडीने स्वतः रेखाटले असून त्यात चौघांच्या राशी गुंफल्या आहेत: डीकन आणि टेलर यांचे दोन सिंह, मे याचा खेकडा, स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या, आणि सर्वांवर पंख पसरलेला अग्निपक्षी. हे चित्र मी वहीच्या मुखपृष्ठावर काढले होते. आत्याबाईंनी चौघांच्या जन्मतारखा विचारल्या, दाते पंचांग उघडले, आणि हे सर्व बूड नसलेले आहे असे जाहीर केले. इंग्रजी लोक सायन राशी धरतात. आपल्या निरयन गणिताने १९ जुलैचा मे आणि २६ जुलैचा टेलर हे दोघेही कर्केच्या सूर्याचे, आणि १९ ऑगस्टचा डीकन व ५ सप्टेंबरचा फ्रेडी हे दोघे सिंहेचे. “खेकडे दोन हवेत, सिंह दोन बरोबर आहेत, आणि पऱ्यांचं काही कामच नाही,” त्या म्हणाल्या. मी हिरमुसलो, तेव्हा त्यांनी सांत्वन केले: कन्येचा मनुष्य इतक्या मोठ्याने ओरडत नाही, हा सिंहेचाच, आवाजावरून कोणीही सांगेल. आमच्या घरात क्वीनचे मानचिन्ह यापुढे दोन खेकड्यांसह काढले जावे, असा ठराव झाला.

माझ्या वकिलीची खरी कसोटी आणखी पुढे होती. १९८४ साली एका गाण्याच्या चित्रफितीसाठी या चौघांनी स्त्रीवेष धारण केला, आणि त्यातील फ्रेडीचे छायाचित्र आबिड्सच्या बाजारातील एका मासिकात मला मिळाले: डोक्यावर केसांचा टोप, कानात डूल, आखूड झगा, हातात केर काढण्याचे विजेचे यंत्र, आणि मिशी मात्र शाबूत. अमेरिकेतील श्रोत्यांना हा प्रकार इतका झोंबला की बँडच्या तेथील लोकप्रियतेस ओहोटी लागली, असे म्हणतात. हे चित्र नानांच्या हाती लागले तर कॅसेट, यंत्र आणि मी, तिघांचीही रवानगी घराबाहेर होणार, या भयाने मी ते भूगोलाच्या पुस्तकात दडवले. आणि नानांनी त्याच आठवड्यात झांझिबार कोठे आहे हे पाहण्यासाठी नेमके तेच पुस्तक उघडले.

परंतु ज्या भाषेने आपला सर्वांत लाडका नट शालू नेसवून, अंबाडा घालून भामिनी आणि सिंधू म्हणून डोक्यावर घेतला, तिला पुरुषाच्या स्त्रीवेषाने धक्का बसत नाही, ही गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. नानांनी चित्र उजेडाकडे धरून बारकाईने न्याहाळले. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र केलेल्या ‘संयुक्त मानापमाना’ची कथा त्यांनी आमच्या आजोबांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली होती की स्त्रीपार्ट कसा असावा याविषयी त्यांची मते कायम झालेली होती. अखेर त्यांनी चित्र परत केले. “मिशी ठेवून स्त्रीपार्ट?” ते विषादाने म्हणाले. “कामात निष्ठा नाही.” आत्याबाईंनीही हरकत घेतली ती झग्याच्या लांबीला, झगा घालण्याला नव्हे.

घराबाहेरील लढाई याहून घनघोर होती, आणि ती आस्मानगढच्या टेकडीवर चाले. तेथे निजामाच्या नोकरीतील फ्रेंच सरदार रेमाँ याची समाधी आहे. १७९८ साली वारलेल्या या परक्या मनुष्याला हैदराबादच्या हिंदूंनी मूसा राम आणि मुसलमानांनी मूसा रहीम म्हणून आपलासा केला. मूसारामबाग ही वस्ती त्याच्या नावाने आजही ओळखली जाते. आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याच्या पुण्यतिथीस तेथे लोक जमत, एवढेच नव्हे, तर निजामाकडून समाधीस चिरूट आणि बियरची बाटली पाठवण्यात येई, असे सांगतात. गोऱ्या दैवताला आपल्या नैवेद्याने पुजण्याची वहिवाट मलकपेठेच्या परिसरात अशी दोनशे वर्षांची आहे. मी नवे काही केले नाही, हा माझा नानांपुढील सर्वांत बळकट कायदेशीर मुद्दा होता, आणि तो त्यांना कधीही खोडता आला नाही.

त्या समाधीच्या चौथऱ्यावर संध्याकाळी आमच्या पंथांची सभा भरे. पिंक फ्लॉइडपंथी मितभाषी असून प्रत्येक प्रश्नाला सूचक स्मित करीत. आपल्याला काही गूढ कळले आहे आणि ते सांगण्यासारखे नाही, असा त्यांचा भाव असे. झेपेलिनपंथी भांडखोर, त्यांचे दैवत १९८० साली ढोलवादकाच्या निधनानंतर विसर्जित झाले होते, आणि विसर्जित दैवताचा मोठा फायदा हा की ते नवी वाईट गाणी काढून भक्तांची मान खाली घालायला लावत नाही. आमचे दैवत हयात होते. आपण सिंथेसायझर वापरीत नाही असे आरंभीच्या तबकड्यांच्या वेष्टनावर अभिमानाने छापणाऱ्या क्वीनने १९८० साली ती प्रतिज्ञा मोडली, आणि १९८२ साली तर नृत्यशाळेत शोभावी अशी एक तबकडी काढली. त्यावर झेपेलिनपंथीयांनी जी उलटतपासणी घेतली तिचा आठव झाला की अजून कानशिले तापतात. भीष्माने प्रतिज्ञा पाळली म्हणून महाभारत घडले, क्वीनने मोडली म्हणून काय बिघडले, असा युक्तिवाद मी केला; आणि १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर, दुष्काळग्रस्त इथिओपियाच्या मदतीसाठी भरलेल्या जलशात, जेमतेम वीस मिनिटांत या चौघांनी इतर सर्वांना निष्प्रभ केल्याची वार्ता आली तेव्हा कुठे माझी पत सावरली. तो जलसा मी पाहिला नव्हता. क्वीन भारतात एकदाही गायला आले नाहीत. वकिलाने अशिलाचे तोंड पाहिलेच पाहिजे असा कोणत्याही कायद्यात दंडक नाही.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडी मर्क्युरी एड्सच्या आजाराने वारला. आपल्याला हा आजार असल्याचे त्याने केवळ एक दिवस आधी जाहीर केले होते. वर्तमानपत्रात बातमी आली त्या संध्याकाळी पेशकारसाहेब शेरवानी घालून, रीतीप्रमाणे मातमपुरसीला आले. ते माझ्याशी बोलले नाहीत. जवळचा आप्त गेल्यावर कुटुंबप्रमुखाशी बोलावे तसे नानांशी बोलले, आणि नानांनीही त्याच गांभीर्याने ऐकून घेतले. गैरमुलकी फर्रुखचे वय पंचेचाळीस, हे काही जाण्याचे वय नव्हे, यावर दोघांचे एकमत झाले. जाताना पेशकारसाहेब माझ्यापाशी थांबले. “आज हल्लू नक्को बजाव,” ते म्हणाले.

उरलेल्या प्रकरणाचा निकाल लागावयास २००७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ब्रायन मे याने, तीस-बत्तीस वर्षे बासनात पडलेला प्रबंध पुरा करून, इंपीरियल कॉलेजची डॉक्टरेट मिळवली. नानांनी ऐंशीकडे झुकलेल्या वयात ती बातमी भिंगातून दोनदा वाचली. आपण दिलेली समज उशिरा का होईना पोचली, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. आणि त्यांनी त्याच बैठकीत मे याच्यावरचा ठपका मागे घेतला.

इतकी वर्षे वकिली करून मी एवढे शिकलो, की कोणाचा तरी चाहता होणे हे मुलाने घराविरुद्ध पुकारलेले बंड नसून, घराला आपल्या आवडीत सामील करून घेण्यासाठी त्याने केलेला तो अर्ज असतो, आणि तो न वाचता फेटाळणे हा अन्याय होय. आज आपल्या घरी एखादी नात कोरियातील सात मुलांची चित्रे भिंतीवर डकवीत असेल. तिच्यावर डाफरू नका आणि तिला हसूही नका. तिला समोर बसवा, त्या सातही जणांचे शिक्षण, गाव आणि रास विचारा, खुलासा लेखी मागवा, व त्यावर आपला शेरा अवश्य मारा. ती मुले कशी गातात हे आपल्याला कदाचित कधीच कळणार नाही. पण नात मसुदा कसा लिहिते, हे निश्चित कळेल.